कोकणातल्या गजबजलेल्या शहरात निसर्गाशी जुळणारं छोटं हॉटेल: आखणीपासून पहिल्या पावसापर्यंत

रत्नागिरी, मालवण, अलिबाग, चिपळूण अशा शहरांत जुन्या घराच्या जागी दहा-बारा खोल्यांचं हॉटेल बांधायचं म्हणून बरेच जण माझ्याकडे येतात. जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक चित्र तयार असतं: पुढच्या भिंतीवर हिरवीगार झाडं, बांबूचा पडदा, चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, दर्शनी भाग. चित्र छान असतं, पण काम तिथून सुरू केलं की चुकतं. आधी दर्शनी भाग ठरतो, त्यात खोल्या बसवल्या जातात, मग पाइप कुठून न्यायचे ते पाहतात आणि वाऱ्याचा विचार पंखे लावताना होतो. दोन पावसाळ्यांत भिंतींना ओल धरते, चादरींना कुबट वास येतो, एसी दिवसभर चालू ठेवावा लागतो.

कोकणात क्रम उलटा हवा. आधी पाणी, मग वारा, मग सावली, त्यानंतर खोल्या आणि सर्वांत शेवटी दर्शनी भाग. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. हिशेब समजावा म्हणून एक नमुना धरू: पेठेतली सहा गुंठ्यांची जागा, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, तळमजला अधिक दोन मजले, दहा खोल्या.

१. कागद आणि मोजणी

शहर हद्दीत मिळकत पत्रिका काढा, सरकारी मोजणी करून हद्दी कायम करा आणि नगर परिषदेत किती चटई क्षेत्र (सगळे मजले मिळून बांधता येणारं क्षेत्रफळ) मिळेल ते लेखी घ्या. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर त्याआधी सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, नकाशा पाहा. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडमध्ये येतो. खाडीच्या काठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते धरतात. शहरातल्या सीआरझेड-२ म्हणजे आधीच वस्ती झालेल्या भागात नवं बांधकाम सर्वसाधारणपणे आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतींच्या जमिनीकडच्या बाजूलाच करता येतं.

जपा: समुद्र दिसतो म्हणून जागेचा बयाणा देऊ नका. भरतीरेषा आणि तुमची हद्द एकाच नकाशावर दाखवून घ्या, मग व्यवहार करा.

जागेवरच्या प्रत्येक झाडाचं स्थान, बुंध्याचा घेर आणि पानांचा पसारा याच मोजणीत नोंदवून ठेवा. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. पण माझा आग्रह कायद्यापुरता नाही. चाळीस वर्षांचा फणस दुपारी जेवढी सावली देतो, तेवढी नवी झाडं तुमच्या मुलांच्या काळात देतील. आराखडा त्या फणसाभोवती फिरू द्या. पानांच्या पसाऱ्याखाली पाया खणू नका आणि वाळू-खडीचा ढीगही टाकू नका.

२. जागेवर एक पावसाळा

या टप्प्याला सगळ्यांना घाई असते आणि बहुतेक चुकांचं मूळही इथेच आहे. जून ते सप्टेंबर जागा रिकामी ठेवा आणि एक वही घाला. वहीत एवढ्या नोंदी हव्यात:

पावसाची झड कोणत्या भिंतीवर बसते? आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येचा, पण पेठेत शेजारची तीन मजली इमारत त्याला वळवते. कुणाच्या बोळातून झोत येतो हे जागेवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

रस्त्याचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? शेजाऱ्याच्या छपराची पागोळी तुमच्या हद्दीत पडते का? जुना वहाळ किंवा पऱ्या (ओढा) बुजवून त्यावर गल्ली झाली आहे का? म्हाताऱ्या शेजाऱ्यांना विचारा, ते हमखास सांगतात. बुजवलेला वहाळ जोराच्या पावसात आपली वाट पुन्हा शोधतो. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी कुठवर चढलं याच्या खुणा अनेक भिंतींवर राहिल्या. तुमच्या परिसरात अशी खूण असेल तर तिची उंची टेपने मोजून आराखड्यावर मांडा.

पावसाळा संपला की काम अर्धंच झालेलं असतं. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस, पाणी सर्वांत खाली असताना, विहीर मोजा. पंपाने उपसा करा, पाणी किती उतरलं आणि पूर्ववत यायला किती तास लागले ते लिहा. पाणी प्रयोगशाळेत तपासायला द्या आणि क्लोराइड आवर्जून मोजायला सांगा. खाडीजवळच्या विहिरी पावसाळ्यात गोड आणि मे महिन्यात मचूळ असतात. जानेवारीतल्या चाचणीवर विसंबणाऱ्यांची इथे फसगत होते.

तपासा: पावसाची दिशा, रस्त्याच्या पाण्याची वाट, मे महिन्यातली विहीर आणि दुपारी तीन वाजता कोणत्या कोपऱ्यात वारा लागतो, या चारही गोष्टी वहीत नसतील तर पेन्सिल उचलू नका.

३. पाण्याचा हिशेब

हॉटेलसाठी पाण्याची गरज काढताना दर खाटेमागे रोज १८० लिटर धरण्याची पद्धत आहे. आपल्या नमुन्यात वीस पाहुणे, म्हणजे रोज ३,६०० लिटर. फेब्रुवारी ते मे हे चार महिने धरले तर सव्वाचार लाखांहून जास्त लिटर.

आता छप्पर पाहा. २५० चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि वीस टक्के वाया गेला, तरी सहा लाख लिटर पाणी हाती येतं. आकडा पाहून मालक खूश होतात. पण हे पाणी येतं पावसाळ्यात आणि लागतं मे महिन्यात. सव्वाचार लाख लिटर साठवायला बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाकी लागेल. पेठेतल्या सहा गुंठ्यांत ती बसत नाही.

म्हणून पाणी तीन वाटांनी न्या. पहिली, आठ-दहा दिवस पुरेल अशी ३० ते ४० हजार लिटरची टाकी जोत्याखाली. दुसरी, उरलेलं पाणी गाळून विहिरीत. जांभा सच्छिद्र असल्याने बरंच पाणी वाहून जातं, मुरवलेलं सगळं मे महिन्यापर्यंत टिकत नाही. तरीही खाडीच्या बाजूने येणारा खारटपणा मागे रेटायला त्याचा उपयोग होतो. तिसरी, वापरलेलं पाणी शुद्ध करून फ्लश आणि झाडांना. घरगुती हिशेबात १३५ लिटरपैकी ४५ लिटर फ्लशला जातात, हॉटेलातही प्रमाण फार वेगळं नसतं. ही गरज गोड्या पाण्यावरून उतरवली की टँकरच्या खेपा स्पष्ट कमी होतात.

पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडायची झडप विसरू नका. छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पाचोळा सगळं त्यात असतं.

आता छपरावरून पाणी उतरवणं. तासाला १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे अपवाद नाही. अशा पावसात चार इंची उभ्या पाइपवर ४० चौरस मीटरपेक्षा जास्त छप्पर टाकू नका. म्हणजे २५० चौरस मीटरला किमान सात पाइप. दर्शनी भाग बिघडतो म्हणून तीनच पाइप ठेवलेली आणि तेही भिंतीत गाडलेली इमारत मी पाहिली आहे. दुसऱ्याच पावसाळ्यात पाचोळ्याने एक पाइप तुंबला आणि दोन खोल्यांचं छत गळलं. पाइप उघडे ठेवा, हात पोचेल असे ठेवा आणि प्रत्येक वळणावर साफ करायचं तोंड द्या. चौकात, म्हणजे इमारतीच्या मधल्या अंगणात, साखळीवरून उतरणारी पागोळी फार सुंदर दिसते. ती जरूर करा, पण सात पाइपांच्या जोडीला, त्यांच्या ऐवजी नव्हे.

सांडपाणी

शहरात सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. जांभ्यात खणलेला शोषखड्डा पाणी भराभर पितो, म्हणून गवंडी म्हणतात, 'इथे काही अडचण नाही.' ते पाणी शेजारच्या विहिरीत जातं. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर असावा असा दंडक आहे आणि त्यात शेजाऱ्याची विहीरही धरायची. सहा गुंठ्यांत हे अंतर बहुधा मिळत नाही. मग शोषखड्ड्याचा विचार सोडा. न्हाणीघराचं पाणी वेगळ्या पाइपने आणून खडी आणि कर्दळीच्या वाफ्यातून गाळा. संडासाचं पाणी छोट्या बंदिस्त शुद्धीकरण यंत्रणेत न्या. जिथे नगर परिषदेची मलवाहिनी आहे तिथे तिला जोडा.

जपा: दोन वेगळ्या पाइपांची सोय स्लॅब ओतण्याआधी करावी लागते. नंतर करायची म्हटली तर प्रत्येक न्हाणीघर फोडावं लागतं.

४. वारा आणि चौक

दोन्ही बाजूंना शेजारी असले की वारा फक्त पुढून येतो आणि अडकतो. त्याला बाहेर पडायला वाट हवी. ती वाट म्हणजे चौक. आपल्या जुन्या घरांत पुढे ओटी-पडवी, मध्ये माजघर आणि मागे परसू अशी एका ओळीत दारं असत. पुढचं आणि मागचं दार उघडलं की वारा सरळ जाई. हॉटेलात तीच रेषा उभी करायची: पुढची पडवी, स्वागताची जागा, चौक, मागचं परसू.

चौक अरुंद ठेवू नका. नियमात किमान माप दिलेलं असतं, पण तीन मजल्यांसाठी मी साडेतीन मीटरपेक्षा कमी रुंदी कधी घेत नाही. त्याहून अरुंद चौकात पावसाळ्यात ऊन पोचत नाही, शेवाळ धरतं आणि स्वयंपाकघराचा वास वरच्या खोल्यांत जातो. चौकाच्या वर, छपराच्या पातळीपासून उंच, बाजूंनी उघडं आणि माथ्यावर झाकलेलं छोटं कौलारू छप्पर ठेवलं तर झड आत येत नाही आणि गरम हवा निघून जाते. चौकाची जमीन खोल्यांच्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली घ्या आणि निचऱ्याला दोन तोंडं द्या. एक तुंबलं तर दुसरं हवंच.

प्रत्येक खोलीला दोन वेगवेगळ्या दिशांना उघडणाऱ्या खिडक्या हव्यात, एक बाहेर आणि एक चौकाकडे. चौकाकडची खिडकी उंच घ्या. त्याने खासगीपणा राहतो आणि गरम हवा वरून बाहेर पडते. झडीच्या बाजूला सरकत्या काचेऐवजी लुव्हरची (तिरप्या आडव्या पट्ट्यांची) झडप बसवा. पाऊस पडत असताना वारा आत घ्यायचा तर दुसरा उपाय नाही.

एसीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एप्रिल-मे महिन्यात पाहुणे एसी मागणार आणि तो न देता हॉटेल चालवणं कठीण आहे. पण जाळीच्या, उघड्या खोलीत एसी बसवला तर वीजही जाते आणि बाहेरची दमट हवा आत येऊन भिंतींना घाम फुटतो. म्हणून प्रत्येक झडप घट्ट बंद होईल अशी घ्या, रबर पट्टीसकट. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचे) पंखे साध्या पंख्याच्या निम्म्याहून कमी वीज घेतात. ते सर्वत्र लावा आणि एसी २६ वर ठेवून पंखा चालू ठेवायची सोय पलंगाजवळच द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बहुतेक पाहुणे स्वतःहून एसी बंद करतात, खोलीत वारा येत असेल तर.

५. सावली आणि पश्चिमेची ओढ

प्रत्येकाला पश्चिमेचा समुद्र हवा असतो. पण एप्रिल-मे महिन्यातलं तिरपं ऊनही पश्चिमेचं आणि पावसाची झडही पश्चिमेचीच. दक्षिणेचं ऊन वळचणीने अडतं, पश्चिमेचं अडत नाही, कारण सूर्य खाली आलेला असतो. तिथे खोल पडवी लागते, किमान दोन मीटर, आणि पडवीच्या तोंडाशी उभे पडदे.

आपल्याकडे पावसाआधी झावळ्यांची झापं विणून पडवीला आडोसा बांधायची रीत आहे. ती हॉटेलातही उत्तम चालते. पडवीच्या खांबांना कायमची आकडी बसवून ठेवा, जूनमध्ये झापं चढवा आणि ऑक्टोबरमध्ये उतरवा. दरवर्षी नवी झापं विणणाऱ्यांना काम मिळतं आणि कुजलेली झापं झाडांच्या आळ्यात जातात.

पश्चिमेला जिना, न्हाणी आणि भांडारघर घेऊन खोल्या आत ढकलणं हा स्वस्त उपाय आहे. नमुन्याच्या जागेत मी पश्चिमेला फक्त दोन खोल्या ठेवीन, बाकीच्या चौकाकडे. समुद्र सर्वांसाठी गच्चीवर ठेवता येतो.

रत्नागिरी १७ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला सरकतो, म्हणून उत्तरेची भिंत पूर्ण उघडी टाकू नका. सर्वांत जास्त उष्णता मात्र माथ्यावरून येते. सपाट स्लॅबवर मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर आणि मध्ये हवा खेळेल इतकी मोकळी जागा ठेवली तर वरचा मजला राहण्याजोगा होतो. पुढे सांगणार आहे ती चादरी वाळवायची जागाही तिथेच मिळते.

६. साहित्य निवडताना

चिरा: खाणीतून नुकताच काढलेला चिरा ओला आणि मऊ असतो, हवेत राहून कडक होतो. तो पावसाआधी खरेदी करून रचून ठेवा. निवडताना पाच-सहा चिरे वाळवून तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. वजन १२ टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो गट परत पाठवा. मातकट, पिवळ्या गाठींचे चिरे आत, गिलाव्याखालीसुद्धा नकोत.

दर्शनी चिऱ्यावर चमकदार प्लास्टिकसारखा लेप चढवू नका. आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि दगडाचे पापुद्रे निघतात. आतल्या बाजूला चुन्याचा गिलावा घ्या, तो श्वास घेतो.

काँक्रीट: समुद्राजवळ सळई गंजते, हे सर्वांना माहीत असूनही तिच्यावरचं काँक्रीटचं आच्छादन कमीच ठेवलं जातं. किनारी हवेत किमान एम-३० (मजबुतीची प्रत) काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आच्छादन हवं. थेट खारे तुषार येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. ओतण्याआधी सळईखालचे ठोकळे स्वतः मोजा. खाडीची वाळू वापरू नका. मचूळ विहिरीचं पाणी काँक्रीटमध्ये घालू नका. क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी सळईच्या कामाला चालत नाही.

बांबू: सिंधुदुर्गात माणगा बांबू भरपूर आणि दणकट मिळतो. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलेलाच घ्या, आणि तरीही पावसात भिजेल अशा ठिकाणी लावू नका. बोरिक पाण्याने धुऊन जातं. बांबू छपराखाली, आतल्या पडद्यांना, छताला. दर्शनी भिंतीवर नाही.

बिजागऱ्या, स्क्रू, कठडे: बाहेर ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील. ३०४ वर किनाऱ्यावर लवकर तांबूस डाग पडतात.

जोतं: रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो. आजच्या रस्त्यापासून किमान ६० सेंटिमीटर उंच जोतं घ्या आणि पुराची खूण त्याहून वर असेल तर तिच्या वर.

तपासा: गच्ची, न्हाणी आणि चौकात फरशी बसवण्याआधी ७२ तास पाणी भरून ठेवा. खालच्या छताला ओल दिसली तर पुढचं काम थांबवा, ठेकेदार कितीही घाई करो.

७. झाडं जमिनीत लावा

हिरव्या भिंतीचा अनुभव माझ्याकडे आहे. एका कामात पश्चिमेच्या भिंतीवर कुंड्यांची जाळी, ठिबक आणि पंप बसवला होता. दुसऱ्या पावसाळ्यात त्या भिंतीच्या आतल्या बाजूला ओल उतरली, मे महिन्यात पंप बंद पडला तेव्हा दोन दिवसांत निम्मी झाडं वाळली, आणि शेवटी सगळं उतरवावं लागलं. त्यानंतर मी भिंतीपासून ४५ सेंटिमीटर दूर तारा ओढतो आणि खाली जमिनीत लावलेले वेल त्यावर चढवतो: मधुमालती, कृष्णकमळ, सावलीत मिरवेल. भिंत कोरडी राहते आणि मध्ये हवा खेळते.

चौकात एकच झाड लावा, पण खरं झाड. बकुळ, सुरंगी किंवा कोकम सावकाश वाढतात, त्यांचा पसारा आवरता येतो. खाऱ्या वाऱ्याच्या बाजूला उंडी, करंज, भेंड. परसात पोफळ आणि केळ, कर्दळीच्या वाफ्यातल्या पाण्यावर. नारळ जरूर असू द्या, पण पाहुण्यांच्या वाटेवर आणि गाड्या लावायच्या जागेवर नको, आणि पाडेकऱ्याच्या (नारळ उतरवणाऱ्याच्या) फेऱ्या ठरवून ठेवा. वड, पिंपळ, उंबर भिंतीच्या सांध्यात रुजले की दरवर्षी ऑक्टोबरमध्ये काढा.

मोकळ्या जागेत सिमेंटचे ब्लॉक घट्ट बसवू नका. चिऱ्याची पाखाडी (दगडी फरसबंदी) करा, सांध्यात माती आणि गवत ठेवा. हद्दीला जागा असेल तिथे गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण.

जपा: चौकातल्या डोणीत (दगडी कुंडीत) किंवा तळ्यात गप्पी मासे सोडा. उघडं साचलेलं पाणी म्हणजे डास आणि शहरात डास म्हणजे डेंग्यू.

८. कपडे, वीज आणि वादळ

आराखड्यात सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे चादरी. वीस पाहुण्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे जुलैमध्ये वाळवायचे कुठे? जागा नसली की यंत्रात वाळवतात आणि विजेचं बिल तिथे फुगतं. कौलारू छपराखालचा माळा यासाठी राखा. चारही बाजूंनी लुव्हर, छताला पंखे आणि एसीचे बाहेरचे भाग अशा ठिकाणी की त्यांची गरम हवा माळ्यात येईल. कपाटांच्या दारांना लुव्हर ठेवा आणि गाद्यांखाली पट्ट्यांचा पलंग, सलग फळी नको. बुरशी तिथून सुरू होते.

सौर पॅनेल कौलारू छपराच्या दक्षिण उतारावर बसतात. पाणी तापवायला सौर बंब वेगळा घ्या. पावसाळ्यात दोन्हींचं उत्पादन घसरतं, त्यामुळे त्यावर पूर्ण भिस्त नको.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावं अनेक दिवस विजेविना होती. विहिरीचा पंप, जिन्यावरचे दिवे आणि शुद्धीकरण यंत्रणा यांची वायरिंग वेगळी काढून बॅटरीवर ठेवा. छपराच्या कडेची कौलं तारेने बांधा. वादळात वारा आधी कडेखाली शिरतो.

बाहेरचे दिवे पिवळसर, खाली तोंड केलेले. गुहागर, वेळास, आंजर्ले इथे किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उजेडाकडे वळतात. तिथे समुद्राकडे एकही दिवा नको.

९. कामाचं वेळापत्रक

पाया गणपतीनंतर, पाऊस ओसरला की. स्लॅब मार्चपर्यंत. छप्पर, पन्हळ आणि उभे पाइप १५ मेच्या आत, बाकी काहीही राहिलं तरी. आतला गिलावा पावसात वाळत नाही, म्हणून तो एप्रिलपर्यंत संपला नसेल तर सरळ ऑक्टोबरवर टाका. लाकूडकामही पावसानंतरच, नाहीतर जुलैमध्ये फुगलेली दारं डिसेंबरमध्ये फटी दाखवतात.

हॉटेल उघडण्याआधी इमारतीला एक पूर्ण पावसाळा रिकामं पाहू द्या. मालकांना ही चार महिन्यांची कमाई सोडणं जड जातं, पण त्या चार महिन्यांत मेस्त्रीला घेऊन दर आठवड्याला फिरा. कोणती भिंत ओलावते, कोणत्या खिडकीतून झड येते, चौकाचं पाणी किती मिनिटांत ओसरतं, माळ्यावर टांगलेली चादर किती तासांत वाळते, हे पहिल्या पावसाळ्यातल्या त्याच वहीत लिहा. ऑक्टोबरमध्ये ती यादी दुरुस्त करून घ्या आणि मगच खोल्यांचं आरक्षण सुरू करा.